‘मला जमणार नाही’ : मनात रुजलेली भीती आणि तिचे निराकरण

नगर शहराच्या दक्षिणेस, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केडगाव वसलेले आहे. रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत ख्यातकीर्त असलेले हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीतील एक वाढते उपनगर झाले आहे. मूळचे शेतकरी, आसपासच्या तालुक्यांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे, नोकरदार व लहान व्यापारी अशी संमिश्र वस्ती येथे आढळते. अशा वस्तीतील घरांतून शाळेत जाणारी पहिली किंवा दुसरी पिढी पुष्कळदा एकाच वेळी दोन ओझी वाहत असते. एक पाठीवरच्या दप्तराचे आणि दुसरे मनावरचे. पहिले ओझे सर्वांना दिसते. दुसऱ्याची दखल क्वचितच घेतली जाते.

उदाहरणादाखल आठवीतील एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ती घरी धडा घडाघडा वाचते. परंतु वर्गात उभे राहून वाचावयास सांगताच तिच्या तोंडाला कोरड पडते, हातपाय थरथरू लागतात व अक्षरे पुसट होतात. तिसरीत असताना एका शब्दावर ती अडखळली, वर्ग हसला आणि हातावर पट्टी बसली, एवढेच काय ते घडलेले असते. तो प्रसंग आता तिला नीटसा आठवतही नाही. मात्र त्यातून निघालेला ‘मला जमणार नाही’ हा निष्कर्ष तिच्या मनात पक्का घर करून बसलेला असतो. घरी कोणी म्हणते, ‘तिला डोकेच कमी’. कोणी म्हणते, ‘बाहेरची बाधा असेल, दाखवून आणा.’ नववी-दहावीपर्यंत हीच स्थिती राहिली, तर शाळा सुटते आणि पुढचा मार्ग लवकरच्या विवाहाकडे वळतो. एका शब्दावरील अडखळण्याची ही किंमत फार मोठी आहे. ती टाळता येणे शक्य आहे काय, हाच या लेखाचा विषय होय.

भीती शिकलेली असते

मोठा आवाज, अचानक गेलेला तोल, वेदना अशा काही मोजक्याच गोष्टींना मूल उपजत घाबरते. उरलेल्या बहुतेक भीती अनुभवातून किंवा इतरांच्या वागण्यातून शिकलेल्या असतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, अन्नाबरोबर वारंवार विशिष्ट संकेत दिला, तर पुढे केवळ त्या संकेतानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टींची अशी सांगड घातली जाणे म्हणजे अभिसंधान होय.

१९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी हाच नियम भीतीला लावून पाहिला. सुमारे अकरा महिन्यांचे एक बालक पांढऱ्या उंदराला मुळीच घाबरत नव्हते. त्याने उंदराला हात लावताच त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडी मारून मोठा आवाज करण्यात आला. असे काही वेळा घडल्यावर ते बालक नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. इतकेच नव्हे, तर ससा, लोकरी कोट अशा केसाळ वस्तूंचीही त्याला भीती वाटू लागली. असा प्रयोग आज कोणीही करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु एका ठिकाणी बसलेली भीती तिच्यासारख्या दिसणाऱ्या दहा ठिकाणी कशी पसरते, हे त्यातून स्पष्ट झाले. मराठीच्या तासाला हातावर बसलेली पट्टी पुढे गणिताच्या तासालाही का आठवते, याचे उत्तर येथे सापडते.

याच्या उलट दिशेचा प्रयोग १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी प्रसिद्ध केला. पीटर नावाने ओळखल्या गेलेल्या, तीन वर्षांच्या आतील एका मुलाला सशाची भीती वाटत होती. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा प्रथम खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवण्यात आला आणि हळूहळू जवळ आणला गेला. सशाला न घाबरणारी इतर मुलेही त्याच्यासोबत ठेवण्यात आली. अखेरीस तो मुलगा सशाला हाताने कुरवाळू लागला. या लहानशा प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. जे शिकले गेले, ते बदलताही येते, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वावर, शरीर शिथिल ठेवून भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची उपचारपद्धती मांडली. ती आजही वापरात आहे.

कांदोळीचे आबे फारिया

संमोहनाचा विषय निघाला की गारुड, वशीकरण व रंगमंचावरील करामती लोकांना आठवतात. वस्तुतः या विद्येला भ्रामक कल्पनांतून बाहेर काढणाऱ्या आद्य अभ्यासकांपैकी एक आपल्या शेजारच्या गोव्याचा सुपुत्र होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जुझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे झाला. बालवयातच ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, रोम येथे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे फ्रान्समध्ये ‘आबे फारिया’ या नावाने ते प्रसिद्धीस आले.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात आजही सांगितली जाते. लिस्बन येथे राणीच्या प्रार्थनामंदिरात त्यांना प्रवचन करावयाचे होते. समोर राजघराण्यातील व दरबारातील बडी मंडळी पाहून तरुण फारिया व्यासपीठावर गोठल्यासारखे झाले. तोंडून शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच म्हटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ समोर बसलेली मंडळी म्हणजे नुसता भाजीपाला आहे, खुशाल चिरत जा, असा त्याचा भाव. हे शब्द कानी पडताच भीती ओसरली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. एका शब्दाने एवढा पालट कसा झाला, हा प्रश्न फारियांच्या मनात पुढे घोळत राहिला, असे सांगतात.

त्या काळी युरोपात फ्रान्झ मेस्मर यांच्या मताचा प्रभाव होता. उपचार करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रुग्णाकडे जातो व त्यामुळे गुण येतो, असे ते मत होते. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिके करून याच्या विरुद्ध बाजू मांडली. असा कोणताही प्रवाह नाही. संमोहकाच्या ठायी कोणतीही गूढ शक्ती नाही. जे घडते ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एकाग्रतेमुळे व तिने स्वीकारलेल्या सूचनेमुळे घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची टिंगल झाली, नाटकातून विडंबन झाले आणि १८१९ मध्ये उपेक्षित अवस्थेत त्यांचे निधन झाले. पुढील काळाने मात्र त्यांचा मुद्दा उचलून धरला. संमोहनाच्या मुद्रेतील त्यांचा पुतळा १९४५ पासून पणजीत उभा आहे.

फारियांच्या नंतर, १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने अशाच निद्रावस्थेत रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू व्हावयाचा होता. १८४३ मध्ये मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनी आपल्या ग्रंथाद्वारे या विषयाला आजचे इंग्रजी नाव रूढ करून दिले. १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या समितीने काही विकारांत संमोहनाचा उपयोग मान्य केला.

संमोहनोपचारात काय घडते?

संमोहन म्हणजे झोप नव्हे. पुस्तकात गढून गेलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही. कीर्तनात रमलेल्या श्रोत्याला वेळेचे भान राहत नाही. अशाच प्रकारची, परंतु हेतुपूर्वक साधलेली एकाग्र व शिथिल अवस्था म्हणजे संमोहन होय. त्या अवस्थेत मन इतस्ततः भटकत नाही आणि दिलेली सूचना ते अधिक सहजतेने ग्रहण करते.

वर उल्लेखिलेल्या मुलीसारख्या प्रकरणात प्रशिक्षित उपचारक प्रथम तिच्याशी व पालकांशी सविस्तर बोलतो आणि त्यांची संमती घेतो. मुलीला आरामात बसवून श्वासाकडे लक्ष देण्यास व एकेक अवयव सैल सोडण्यास सांगितले जाते. मन शांत झाल्यावर ती वर्गात उभी आहे, पाय जमिनीवर घट्ट टेकलेले आहेत, श्वास संथ आहे व पहिली ओळ स्पष्ट दिसते आहे, असे चित्र तिने मनासमोर आणावयाचे असते. भीतीशी जोडल्या गेलेल्या प्रसंगाची सांगड येथे शांततेशी घातली जाते. या सर्व वेळात ती जागी असते, ऐकत असते व वाटेल तेव्हा डोळे उघडू शकते. तिच्या इच्छेविरुद्ध तिच्याकडून काही करवून घेण्याची जादू यात नाही.

या उपचाराच्या मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे. सर्व माणसे सारख्याच प्रमाणात संमोहित होत नाहीत. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती व आतड्यांचे काही चिवट विकार यांत संमोहनाचा उपयोग होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. धूम्रपान सोडविण्याच्या बाबतीत मात्र पुरावा निर्णायक नाही. भ्रम किंवा भास होणाऱ्या तीव्र मनोविकारात मनोविकारतज्ज्ञांच्या औषधोपचाराला पर्याय नाही. अशा रुग्णाला संमोहन अपायकारकही ठरू शकते. संमोहित अवस्थेत ‘आठवलेल्या’ गोष्टी खऱ्या असतातच असे नाही. मन त्यात नकळत कल्पनेची भर घालते. त्यामुळे विस्मृतीत गेलेले सत्य किंवा पूर्वजन्म शोधून देण्याच्या जाहिरातींवर विसंबू नये. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनोपचारास स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून नव्हे, तर योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावयाची उपचाररीती म्हणून स्थान दिले, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

समुपदेशन हाच पाया

संमोहन हे सहायक साधन आहे. खरा पाया समुपदेशनाचा होय. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. ‘घाबरू नकोस, धीट हो’ असे सांगण्याने भीती जात नाही, उलट घाबरल्याबद्दलची लाज तिच्यात मिसळते. समुपदेशक आधी ऐकून घेतो, नंतर प्रश्न विचारतो आणि भीतीच्या मुळाशी असलेला विचार त्या व्यक्तीकडूनच शब्दांत उतरवून घेतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणसाला प्रत्यक्ष घटना जेवढी अस्वस्थ करते, त्यापेक्षा त्या घटनेविषयीची त्याची समजूत अधिक अस्वस्थ करते, हे तिचे सूत्र आहे. महाराष्ट्रात किशोर फडके यांनी ही पद्धती रुजविली. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात याच दिशेने बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. या रीतीने पाहता, ‘मी अडखळले म्हणजे मी मठ्ठ आहे’ या समजुतीला प्रश्न विचारता येतात. अडखळणारे सर्वच मठ्ठ असतात काय? घरी हाच धडा नीट वाचता येतो, तो कसा? मुले हसली, तर त्यापुढे नेमके काय होईल?

विचार बदलला तरी केवळ तेवढ्याने काम भागत नाही. त्याला सरावाची जोड द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात मुलीने एकटीने मोठ्याने वाचावे, दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीसमोर, नंतर चार-पाच जणींसमोर व अखेर वर्गात बाकावर बसूनच दोन ओळी वाचाव्यात. प्रत्येक पायरीवर भीती थोडी वर येते व थांबून राहिल्यास आपोआप खाली उतरते, हा अनुभव तिने स्वतः घ्यावयाचा असतो. एका बैठकीत कायमचा गुण येईल, अशी हमी कोणताही जबाबदार समुपदेशक देत नाही.

जामखेडचा अनुभव

‘मला जमणार नाही’ ही भावना केवळ एका व्यक्तीची नसते. कधी कधी ती संपूर्ण समाजगटावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबविलेली असते. तिच्यावर मात केल्याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहण्यास तयार होईनात, तेव्हा गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे ठरले. त्यांपैकी अनेक जणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. आपल्याला काही कळत नाही, आपले कोणी ऐकणार नाही, असेच त्यांना लहानपणापासून शिकविले गेले होते.

या स्त्रियांच्या प्रशिक्षणात आरोग्यविषयक माहितीइतकेच महत्त्व आत्मविश्वासाला देण्यात आले. त्या नियमितपणे जामखेडला एकत्र जमत, अडचणी एकमेकींना सांगत, पुन्हा पुन्हा सराव करीत आणि आपापल्या गावी परतून शिकलेले करून पाहत. गरोदर स्त्रीने पोटभर जेवू नये, नवजात बालकाला पहिले दूध पाजू नये, अशा समजुती त्यांच्या स्वतःच्या मनातही होत्या. प्रथम त्यांनी त्या स्वतःपुरत्या तपासल्या, मगच शेजारणीला समजावले. पुढे याच सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत श्रोत्यांपुढे भाषण केले. डॉ. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. जामखेडला संमोहन नव्हते. परंतु ऐकून घेणारे कोणीतरी, समदुःखी सोबती, पायरीपायरीचा सराव व विश्वासाचा शब्द ही समुपदेशनाची चारही अंगे तेथे होती.

बाधा, बुवा आणि कायदा

मनाच्या त्रासाला बाहेरची बाधा मानण्याची रूढी अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. देवीच्या दर्शनाने मनाला धीर येत असेल, तर त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. श्रद्धा माणसाला आधार देते. परंतु जेव्हा एखादा मांत्रिक ‘तुझ्यावर करणी झाली आहे’ असे सांगतो, तेव्हा तो भीती काढीत नसून नवी भीती पेरीत असतो. त्याचा शब्दही एक सूचनाच असते आणि घाबरलेले मन ती चटकन स्वीकारते.

या बाबतीत महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेला कायदा सर्वपरिचित आहे. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून तो ओळखला जातो. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, अशी कृत्ये त्यानुसार गुन्हा ठरतात. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचा धाक आवश्यक आहेच; परंतु मांत्रिकाकडे जाणारी वाट बंद करताना उपचाराकडे जाणारी वाट दाखविली नाही, तर कुटुंब दुसऱ्या मांत्रिकाचे दार ठोठावते.

उपलब्ध सोयी

ही वाट आता पूर्वीइतकी दुर्गम राहिलेली नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्याचे उपचार केवळ मनोरुग्णालयात न राहता जिल्हा पातळीवर व त्याखालीही पोहोचावेत, हा त्याचा उद्देश आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय यंत्रणेकडून अशी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून, १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो; मराठीतही बोलता येते.

खासगी उपचारकाकडे जाताना त्याची पात्रता विचारण्यात संकोच करू नये. मनोविकारतज्ज्ञ हा नोंदणीकृत वैद्यक असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असल्याखेरीज संमोहनाचा प्रयोग होऊ देऊ नये. हमखास गुण येण्याची ग्वाही देणाऱ्या, एकदम मोठी रक्कम मागणाऱ्या किंवा चालू औषधे बंद करावयास सांगणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहणेच इष्ट.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

समुपदेशक प्रत्येक शाळेत नसतो, शिक्षक मात्र असतो. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ही तरतूद केवळ शिस्तीचा नियम नसून मानसिक आरोग्याचा प्रतिबंधक उपाय आहे, हे वरील विवेचनावरून ध्यानी येईल. ‘मठ्ठ’, ‘नकटी’, ‘बिनकामाचा’ असे शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज निघून जातात. परंतु ऐकणाऱ्या लहानग्याच्या मनात ते वर्षानुवर्षे टिकून राहतात. अडखळणाऱ्या मुलाला वाक्य पुरे करू द्यावे, हसणाऱ्या वर्गाला तेथेच थांबवावे आणि जमलेल्या गोष्टीचा उल्लेख चारचौघांत करावा, एवढे कोणत्याही शिक्षकाला करता येते.

पंचायत सदस्य व नगरसेवक यांनी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने अशी मुले व माणसे हेरावीत. सतत एकटे राहणे, झोप उडणे, शाळा किंवा काम एकाएकी टाळू लागणे, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा करणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राशी वा जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा. जिवाचा धोका वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत हा विषय मोकळेपणाने मांडला गेला, तर उपचार घेणाऱ्या कुटुंबाला वाटणारा संकोचही कमी होईल. माहिती गुप्त राखण्याची दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. कोण उपचार घेतो, हा पारावरच्या चर्चेचा विषय होता कामा नये.

फारियांच्या वडिलांनी मुलाला दोष दिला नाही, की त्याच्यासाठी गंडादोरा केला नाही. त्यांनी त्याला त्याच्याच मातृभाषेत, योग्य क्षणी, योग्य शब्द दिला. केडगावच्या वर्गात थरथरत उभ्या असलेल्या मुलीलाही प्रथम तेवढेच हवे असते. तो शब्द देणारे शिक्षक, पालक व लोकप्रतिनिधी जागोजागी लाभले आणि त्यापुढच्या अवघड प्रकरणांसाठी प्रशिक्षित उपचारकापर्यंतची वाट खुली राहिली, तर ‘मला जमणार नाही’ असे म्हणत शाळेबाहेर पडणाऱ्या कित्येक मुलामुलींची पावले पुन्हा वर्गाकडे वळतील, यात शंका नाही.